मुंबईची ३९ मिनिटे

मुंबईच्या माणसाला उशीर होतो. लग्नाला जायचे असो, मयतीला जायचे असो की नुसते कचेरीत जाऊन खुर्चीवर बसायचे असो, त्याला उशीर होतोच. कारणे त्याच्या खिशात तयार असतात आणि गंमत अशी की ती बहुतेक वेळा खरी असतात. नळाला पाणी उशिरा आले. जलद गाडी धीम्या मार्गावर वळवली. पुलावर अशी दाटी झाली की खाली उभी असलेली गाडी डोळ्यांदेखत निघून गेली. साहेबाला यातले एकही कारण पटत नाही, कारण तोही याच कारणांमुळे पाचच मिनिटांपूर्वी येऊन बसलेला असतो. तीन लेटमार्कांना एक रजा हा हिशेब ज्या शहरात पाढ्यासारखा पाठ असतो, तिथला माणूस घड्याळाला भितो यात नवल ते काय?

आम्हालाही या घड्याळाने पुष्कळ पळवले आहे. पण या शहराचा इतिहास चाळताना एक गोष्ट हाती लागली आणि आमचे मन जरा हलके झाले. मुंबईचे घड्याळाशी असलेले भांडण आजचे नाही, ते चांगले सव्वाशे-दीडशे वर्षांचे आहे. एक काळ असा होता की या शहरात एकाच क्षणी दोन वेळा चालत. दोन्ही बरोबर असत आणि दोहोंमध्ये ३९ मिनिटांचे अंतर असे. म्हणजे ३९ मिनिटे उशिरा येणारा माणूस 'मी वेळेवरच आलो' असे छातीवर हात ठेवून सांगू शकत होता, आणि ते खोटे नसे. आजच्या लेटमार्कवाल्यांनी हळहळावे अशीच ही गोष्ट आहे.

घड्याळे घरोघर नव्हती तेव्हा वेळ ही आकाशातली गोष्ट होती. कोकणातला माणूस 'दिवस कासराभर वर आल्यावर' निघे आणि 'दिवेलागणीला' पोचे. आमच्या मोहल्ल्यात 'असरच्या नंतर या' किंवा 'मगरिबच्या आत परत फिरा' असे सांगितले की पुरे. कोणी 'असर म्हणजे किती वाजता?' असे विचारत नसे. जुन्या मुंबईला कोट होता. त्याचे दरवाजे रात्री बंद होत. उशीर झालेला माणूस बाहेरच राही. लेटमार्कची ती पहिली पद्धत म्हणायला हरकत नाही. १८६० नंतर बार्टल फ्रिअरच्या अमदानीत कोटाच्या भिंती पाडल्या गेल्या, दरवाजेही गेले. चर्चगेटचे नाव तेवढे स्टेशनाला राहिले आणि उशीर झालेल्याची धावपळ त्या नावाशी कायमची जोडली गेली.

प्रत्येक गावाची दुपार वेगळी असते, हे भूगोलाच्या पुस्तकात आपण वाचलेले असते आणि परीक्षेनंतर विसरलेले असते. पूर्वेच्या गावात सूर्य आधी डोक्यावर येतो, पश्चिमेच्या गावात नंतर. एका रेखांशाला चार मिनिटे. या हिशेबाने मुंबईची वेळ ग्रीनिचच्या ४ तास ५१ मिनिटे पुढे, मद्रासची ५ तास २१ मिनिटे पुढे आणि कलकत्त्याची ५ तास ५३ मिनिटे पुढे. बैलगाडीच्या जमान्यात याने कोणाचे काही बिघडत नव्हते. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी सुटली, तेव्हाही बिघडले नाही, कारण बोरीबंदर आणि ठाणे यांच्या सूर्यात मिनिटभराचाही फरक नाही. पण रूळ लांबत गेले. गाडी मुंबईहून निघून कलकत्त्याकडे आणि मद्रासकडे जाऊ लागली. तेव्हा प्रत्येक स्टेशनाने आपापला सूर्य पाहून गाडी सोडायची ठरवली असती, तर एका रुळावर दोन गाड्या समोरासमोर यायला वेळ लागला नसता. म्हणून रेल्वेने मद्रासची वेळ सगळीकडे लावली. मद्रासला वेधशाळा होती आणि ते मुंबई-कलकत्त्याच्या साधारण मधे पडत होते.

मुंबईकराला मात्र याचा अर्थ एवढाच कळला की स्टेशनातले घड्याळ गावातल्या घड्याळाच्या अर्धा तास पुढे असते. गाडी गाठायची तर डोक्यात अर्धा तास मिळवायचा, घरी परतल्यावर वजा करायचा. गणितात कच्चा असलेल्याची गाडी चुकायची. पक्का असलेला माणूस दोनदा मिळवून बसायचा आणि फलाटावर तासभर ताटकळायचा, असेही घडले असणार. तशी कोठे नोंद आम्हाला मिळालेली नाही, पण माणसाचा स्वभाव पाहता आम्ही हे खुशाल गृहीत धरतो.

इथवर ठीक होते. रेल्वेची वेळ रेल्वेपाशी आणि आमची आमच्यापाशी. पण १८८१ साली गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांनी मुंबईतल्या सरकारी कचेऱ्यांनाही मद्रासची वेळ लावली, आणि शहर चिडले. आता कोणी म्हणेल, अर्ध्या तासाने असे काय आभाळ कोसळते? पण एका गावाने दुसऱ्या गावाच्या सूर्याप्रमाणे उठावे, ही कल्पनाच लोकांना पचेना. त्यातून मुंबईने आपली बरोबरी लंडनशी लावलेली, ती मद्रासचे ऐकते की काय! राजाबाई टॉवर तेव्हा नवाच होता. कापसाच्या व्यापारात वर आलेल्या आणि त्याच व्यापारात खाली बसलेल्या प्रेमचंद रायचंद यांनी आईच्या नावाने दिलेल्या देणगीतून तो उभा राहिला, १८७८ साली पुरा झाला. शहरात दिसेल असे एवढे उंच घड्याळ दुसरे नव्हते. त्यात मुंबईची वेळ दाखवायची की मद्रासची, यावर विद्यापीठात आणि सरकारात वादावादी झाली. विद्येच्या मंदिरात 'वाजले किती?' या प्रश्नावर एकमत होईना, यापरता विनोद कोणता? शेवटी १८८३ मध्ये सरकारला माघार घ्यावी लागली. मुंबईची वेळ मुंबईला परत मिळाली.

खरे रामायण पुढे झाले. लॉर्ड कर्झनच्या कारकिर्दीत सबंध हिंदुस्थानाला एकच वेळ लावायचे ठरले. ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे. १ जुलै १९०५ पासून रेल्वेने ती स्वीकारली आणि १ जानेवारी १९०६ पासून ती सर्वत्र लागू करायचे फर्मान निघाले. हीच ती आपली प्रमाणवेळ, आज जिच्यावर आपले रेडिओ, मोबाइल आणि साहेब चालतात. मुंबईच्या सूर्यापेक्षा ती ३९ मिनिटे पुढे. मुहूर्त मात्र सरकारने असा निवडला की तोबा! ऑक्टोबर १९०५ मध्ये बंगालची फाळणी झालेली, स्वदेशीची हवा तापलेली. अशा वेळी जे सरकार प्रांत कापते, तेच आता आमची सकाळही कापायला निघाले, असे लोकांना वाटले तर त्यात चुकीचे काय?

या कथेत पुढाऱ्यांची भाषणे पुष्कळ आहेत. पण आम्हाला महत्त्वाचे वाटतात ते गिरणी कामगार. जानेवारी १९०६ च्या पहिल्याच दिवसांत काही हजार कामगारांनी मागावर काम करायचे नाकारले, गिरण्यांवर दगडफेक झाली. नंतर हे लोण शहरात आले आणि निषेधाच्या अर्जांवर १५ हजारांहून अधिक लोकांनी सह्या केल्या. इतिहासाच्या पुस्तकांतून हा प्रसंग एखाद्या ओळीत उरकला जातो, आणि तोही 'अडाणी लोकांचा गैरसमज' अशा थाटात. तो गैरसमज होता का, हे आपण पाहू.

जानेवारीत मुंबईत सूर्य उगवतो तो प्रमाणवेळेप्रमाणे सव्वासातच्या सुमाराला. जुन्या मुंबई वेळेत ते होतात सहा वाजून ३६ मिनिटे. समजा गिरणीचा भोंगा सकाळी सहाला वाजतो. जुन्या वेळेने सहा म्हणजे उजाडायला अर्धा तास उरलेला, झुंजूमुंजू होण्याची वेळ. नव्या वेळेने सहा म्हणजे जुन्या वेळेचे पाच वाजून २१ मिनिटे, किर्र अंधार. कागदावर आकडा तोच, 'सहा'. पण झोपेतून ३९ मिनिटे कमी झाली. साहेबाने वेळ बदलली तरी त्याचा चहा त्याला बिछान्यातच मिळणार होता. चाळीच्या दहा बाय दहाच्या खोलीत पाळीपाळीने झोपणाऱ्या माणसाच्या वाट्याला आधीच झोप किती? हे सगळे व्हायच्या सुमाराला गिरण्यांत विजेचे दिवे आले होते. पूर्वी सूर्य मावळला की काम थांबत असे. तो मावळण्याचा काही संबंधच उरला नाही आणि कामाचा दिवस १४-१५ तासांपर्यंत ताणला गेला. म्हणजे संध्याकाळ दिव्याने खाल्ली आणि आता पहाट घड्याळ खाणार होते. कामगाराने दगड उचलला तो खगोलशास्त्रावर उचलला नव्हता.

याआधी १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी कामगारांच्या सभा भरवून ज्या मागण्या मांडल्या होत्या, त्यांची भाषा पाहण्यासारखी आहे. रविवारची सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती आणि काम सकाळी साडेसहा ते सूर्यास्तापर्यंत. दिवसाची अखेर घड्याळाने नव्हे, सूर्याने ठरवावी असे ते सांगत होते. रविवारची सुट्टी १० जून १८९० रोजी मिळाली. बारा तासांची मर्यादा पुरुष कामगाराला मिळायला १९११ चा कायदा यावा लागला आणि ११ तासांची १९२२ साली. मदनपुऱ्यातले मोमीन विणकर उत्तरेतून आपले हातमाग मोडून इथे आले होते, त्यांच्यातले पुष्कळजण गिरण्यांच्या मागखात्यात होते. सुट्टी रविवारची, जुम्मा शुक्रवारचा. तेव्हा जुम्म्याची नमाज जेवणाच्या सुट्टीत कोंबायची, ही कसरत तेव्हापासूनची. ती अजून चालू आहे आणि अजून जेवणच मागे राहते.

महापालिकेत फिरोजशहा मेहता यांनी नव्या वेळेला विरोध केला. लोकांना न विचारता त्यांची वेळ बदलता येणार नाही, हा त्यांचा मुद्दा. १९०६ सालीच महापालिकेने ठरवले की आपण मुंबईचीच वेळ पाळणार. आणि मग सुरू झाला तो पोरखेळ! सरकारी कचेऱ्या, रेल्वे, तारखाते, बंदर यांची वेळ एक. महापालिकेची आणि तिच्या ताब्यातल्या घड्याळांची वेळ दुसरी. एकाच रस्त्यावरून जाताना माणूस ३९ मिनिटे मागे-पुढे होत चालला आहे, असा हा कारभार चांगला चार दशकांहून अधिक टिकला. कोकणातून बोटीने आलेला आमचा खलाशी बंदरात उतरला की तिथे आठ वाजलेले असत. फाटकाबाहेर आला की सात वाजून २१ मिनिटे. मुंबईने माणसाला फुकट काही दिले असेल तर ती एवढीच मिनिटे, आणि परतीच्या बोटीला ती व्याजासकट कापून घेतली जात.

लोकांनी यावर आपला तोडगा काढला. निमंत्रणपत्रिकेवर आणि नाटक-सिनेमाच्या जाहिरातींत वेळेपुढे दोन अक्षरे छापली जाऊ लागली. 'बी.टी.' म्हणजे बॉम्बे टाइम, 'एस.टी.' म्हणजे स्टँडर्ड टाइम. आजच्या वाचकाने एखादी जुनी पत्रिका पाहिली तर त्याला वाटेल, वऱ्हाड एस.टी.ने येणार होते. पण ती गाडी रस्त्यावर आली १९४८ साली. उशीर करण्याच्या बाबतीत मात्र दोन्ही एस.टीं.चे नाते जवळचे आहे, हे कोकणात जाणारे कबूल करतील. ही अक्षरे छापायची राहून गेली तर काय होत असेल याची कल्पनाच केलेली बरी. नवरदेव जुन्या वेळेने निघालेला, काझीसाहेब नव्या वेळेने येऊन बसलेले, आणि बिर्याणी तिसऱ्याच वेळेने शिजलेली.

जाता जाता एक गोष्ट. कुलाब्याला वेधशाळा होती, तिथे पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजमापे होत. मुंबईत विजेची ट्राम येणार असे ठरले. विजेने सुया हलतील म्हणून ती मोजमापे १९०४ मध्ये अलिबागला हलवण्यात आली. ट्राम आली १९०७ च्या मे महिन्यात. मुंबईच्या गडबडीपासून दूर अलिबागला घर करावे हे आजच्या श्रीमंतांना सुचले, ते त्या सुयांना शंभर वर्षे आधी सुचले होते.

असो. सरकार, गिरणीमालक, महापालिका, विद्यापीठ या सगळ्यांनी वेळेवरून एवढी भांडणे केली, त्यात घरातल्या बाईला कोणी काही विचारले नाही. तिची वेळ ठरवणारा तिसराच होता. तो म्हणजे पाण्याचा चावीवाला. १८६० साली विहारचे पाणी नळाने शहरात आले. मग १८७९ मध्ये तुळशीचे, १८९२ मध्ये तानसाचे. नळ आले तसे तलाव बुजले. नावे उरली. धोबीतलाव, गोवालिया टँक, सी. पी. टँक, नवाब टँक, दोनटाकी. पत्त्यात एवढे पाणी असलेले आणि बादलीत एवढे कमी असलेले शहर जगात दुसरे नसावे. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हिवतापाचे डास विहिरींत होतात हे कळले आणि विहिरी बुजवायचा, झाकायचा सपाटा लागला. त्याला पारशी, हिंदू, मुसलमान सगळ्यांनी विरोध केला, कारण प्रत्येकाच्या धर्माला विहीर लागत होती. एरवी एकमेकांच्या रांगेतले भांडे मागे सारणारे लोक विहिरीच्या प्रश्नावर एका बाजूला आले, हे नोंदवून ठेवण्यासारखे आहे. १८०२ मध्ये पुरी झालेली जुम्मा मशीद तर तलावावरच उभी आहे. तो तलाव अजून मशिदीच्या पोटात आहे, पाण्यात मासे आहेत आणि वुजू करणारा माणूस त्यांच्याकडे बघत बसला तर नमाजला उशीर होतो. निदान त्या उशिराला कोणी लेटमार्क लावत नाही.

चाळीत पाणी यायचे ते पहाटे, चावीवाला चावी फिरवील तेव्हा. तास-दीड तासात हंडे, कळशा, पिंप भरून घ्यायचे. माणसाऐवजी डबे, बादल्या आणि फुटके डालड्याचे टिन रांगेत रात्रभर उभे असत. त्या डब्यांची ओळख बायकांना नवऱ्याच्या चेहऱ्यापेक्षा पक्की असे. ही वेळ बी.टी. नव्हती आणि एस.टी.ही नव्हती. गिरणीतल्या पुरुषाच्या झोपेतली ३९ मिनिटे गेली म्हणून दगड पडले. त्याची भाकरी करून देण्यासाठी जी त्याच्या आधी उठत होती, तिची किती मिनिटे गेली याचा हिशेब कोणत्याही अर्जात आम्हाला दिसला नाही. आमच्या घरांतून रमजानचा महिना या बाबतीत सोयीचा. सहेरीसाठी उठायचे असतेच, पाणीही तेव्हाच यायचे. वर्षातून एक महिना तरी महापालिका आणि शरियत यांचे वेळापत्रक जुळायचे.

मनगटी घड्याळ कष्टकऱ्याच्या हातावर फार उशिरा आले. एच.एम.टी.चा घड्याळांचा कारखाना बंगलोरला निघाला १९६१ मध्ये. त्यानंतर कुठे लग्नात जावयाला घड्याळ देण्याची ऐपत साध्या माणसाला आली. तोवर वेळ कानाने कळायची. गिरणगावात भोंगा आणि मोहल्ल्यात अजान. भायखळा, मदनपुरा, मोरलँड रोड या भागात दोन्ही ऐकू यायचे. भोंगा घड्याळाचा आणि अजान सूर्याची. भोंगा वर्षभर त्याच आकड्याला वाजे, अजान रोज मिनिट-अर्ध्या मिनिटाने सरके. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि पुढे एकेक करून भोंगे मुके झाले. ज्याच्या नावाने लोक बोटे मोडत तो आवाज बंद झाला, तेव्हा कित्येक घरांत पहाटे जाग येऊनही उठायचे कशाला, हा प्रश्न उभा राहिला. त्यावर विनोद करण्याची आमची हिंमत नाही.

मुंबई वेळेचे पुढे काय झाले? परक्या सरकारची वेळ म्हणून जिला विरोध केला, ती स्वातंत्र्यानंतर आपल्याच देशाची वेळ झाली. विरोधाला कारण उरले नाही. कलकत्त्याने आपली वेळ १९४८ मध्ये सोडली. मुंबईने आणखी थोडी वर्षे ओढून धरली आणि १९५० च्या दशकात तीही सोडली. ना मोर्चा, ना दगड, ना १५ हजार सह्या. ३९ मिनिटे गुपचूप गेली.

पण ती पुरती गेली नाहीत, असे आमचे म्हणणे आहे. ती कोठे आहेत हे पाहायचे तर मुंबईतल्या कोणत्याही मशिदीत जावे. भिंतीवर नमाजच्या वेळांचा तक्ता असतो. त्यात जोहरची वेळ कधी सुरू होते ते पाहावे. सूर्य माथ्यावरून ढळला की जोहर सुरू. आता घड्याळात बारा वाजले म्हणजे सूर्य माथ्यावर आला असे शाळेत शिकवतात. मुंबईत तो बाराला कधीच माथ्यावर येत नाही. नोव्हेंबरच्या सुरुवातीला तो १२ वाजून २२ मिनिटांनी येतो, फेब्रुवारीच्या मध्याला १२ वाजून ५३ मिनिटांनी. वर्षाची सरासरी काढली तर १२ वाजून ३९ मिनिटे. तीच ती ३९ मिनिटे! कर्झन गेला, गिरण्या गेल्या, बी.टी. छापलेल्या पत्रिका रद्दीत गेल्या. हा तक्ता मात्र कोणाच्या फर्मानाने बदलला नाही, कारण तो कोणाच्या फर्मानाने लागलाच नव्हता. दुसऱ्या महायुद्धात सप्टेंबर १९४२ पासून ऑक्टोबर १९४५ पर्यंत सरकारने घड्याळ आणखी एक तास पुढे केले होते. तेव्हा सूर्य माथ्यावर यायला सरासरी दुपारचे १ वाजून ३९ मिनिटे होत. जेवणाची सुट्टी संपायची आणि जोहर सुरू व्हायची. नमाजी कामगाराने तेव्हा काय केले असेल, हे कोणी लिहून ठेवायला हवे होते.

आजच्या मुंबईकराचे भांडण आता वेळ कोणाची यावरून राहिलेले नाही. वेळ एकच आहे. भांडण अंतराचे आहे, आणि अंतर मिनिटांत मोजले जाते. इथे कोणी 'मी अमुक किलोमीटर लांब राहतो' असे सांगत नाही. 'सव्वा तास लागतो' असे सांगतो. गाडीलाही नाव नसते, मिनिट असते. 'आठ सत्तावन्नची' चुकली म्हणजे सगळा दिवस चुकला. हे मिनिटांचे अंतर सगळ्यांच्या वाट्याला सारखे आले असते, तर आम्ही इथेच थांबलो असतो. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ च्या दंगलींनंतर मुंबईतली कितीतरी मुसलमान कुटुंबे मिश्र वस्त्यांतून उठून मुंब्र्याला, मीरा रोडला गेली. काही भीतीने गेली. काही गेली ती दुसरीकडे खोली मिळेना म्हणून. ही खोली न मिळण्याची पद्धत मोठी सभ्य असते. फोनवर खोली असते, भाडे ठरते, 'उद्या येऊन बघा' असे म्हणतात. मग नाव विचारतात. नाव सांगितले की खोली आत्ताच, पाच मिनिटांपूर्वी गेलेली असते. मुंबईत एवढ्या वेळेवर होणारी दुसरी कोणतीच गोष्ट आम्ही पाहिलेली नाही.

तर मुंब्र्याहून रोज निघणाऱ्या माणसाचा सव्वा तास हा नुसता रेल्वेचा सव्वा तास नाही. त्यात काही मिनिटे त्याच्या नावाची आहेत. तिथे बहुतेक जलद गाड्या थांबत नाहीत. धीमी गाडी येते ती आधीच्या स्टेशनांवर भरून येते. आत शिरता आले नाही तर दारात लटकायचे, कारण पुढची गाडी म्हणजे लेटमार्क. ९ जून २०२५ रोजी सकाळी मुंब्र्याजवळच्या वळणावर दोन गर्दीच्या लोकल एकमेकींच्या बाजूने गेल्या आणि दारात लटकलेले प्रवासी रुळांवर पडले. किमान चार जणांचा जीव गेला. त्यांत निरनिराळ्या नावांची माणसे होती. सगळी कामाला निघालेली होती. त्यानंतर आपोआप बंद होणाऱ्या दारांची चर्चा झाली. दार बंद झाल्यावर बाहेर राहिलेल्या माणसाने किती वाजता पोचायचे, याची झाली नाही. जुन्या कोटाचे दरवाजे तरी रात्री बंद होत.

त्याच मार्गावर रमजानमध्ये संध्याकाळी एक निराळा प्रकार पाहायला मिळतो. चांद्र वर्ष दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी मागे सरकते, त्यामुळे रमजान कधी उन्हाळ्यात तर कधी थंडीत येतो. २००० सालच्या आगेमागे तो नोव्हेंबर-डिसेंबरात येत होता. तेव्हा मुंबईत सूर्य सहाच्या सुमाराला मावळायचा, म्हणजे कचेरी सुटायची आणि इफ्तारची वेळ व्हायची. रोजा सोडायचा तो गाडीतच. आताही रोजा गाडीत सुटतोच. खजुराची पिशवी कुणाच्या तरी दप्तरात असते. पाण्याची बाटली वरच्या फळीवरून हातोहात खाली येते. पिशवी सगळ्या डब्यात फिरते, रोजा असो वा नसो. उपास सोडायला गाठोड्यातून केळी काढणारे काकाही आपला वाटा देतात. मग वाद सुरू होतो. हातातला तक्ता मुंबईचा आहे, गाडी कळव्याच्या पुढे गेली आहे. मुंब्रा मुंबईच्या पूर्वेला, म्हणजे तिथे सूर्य मुंबईच्या आधी मावळणार. पाऊण मिनिट आधी, असा एका पोराने मोबाइलवर हिशेब काढलेला असतो.

"चाचा, इथला मगरिब झाला. घ्या."

"थांब बेटा. मुंबईचा अजून व्हायचा आहे."

"पण आपण मुंबईत नाही ना आता!"

चाचा खजूर तोंडाजवळ धरून खिडकीबाहेर बघत राहतात. पारसिकचा डोंगर काळा पडत चाललेला असतो. मागून कोणीतरी विचारतो, "मुंब्रा उतरणार का?" आणि सगळा डबा दाराकडे सरकू लागतो.